दारातला रेडिएशन मॉनिटर: बसवणं, तपासणं आणि वाजला तर काय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फाउंड्र्या, भंगाराची गोदामं आणि वजनकाटे चालवणारे लोक आम्हाला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न विचारत राहतात. रुग्णालयांतून, कचरा नेण्याच्या मागच्या दारासाठीही विचारणा होते. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे विचारणाऱ्यांचेच शब्द ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा म्हणजे देवळाच्या दारात असतो तसला मेटल डिटेक्टरच ना?

दिसायला तसाच, पण काम अगदी वेगळं. मेटल डिटेक्टर स्वतः चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि धातूमुळे त्यात पडणारा फरक बघतो. रेडिएशन मॉनिटर काहीच सोडत नाही, नुसता ऐकत बसतो. त्याच्या खांबात किंवा पॅनेलमध्ये असा पदार्थ असतो की किरणोत्सारी वस्तूतून निघणारा गामा किरण आदळला की बारीकशी प्रकाशाची ठिणगी पडते. ती ठिणगी एक नळी पकडते आणि मशीन तिचा एक ‘काउंट’ मोजतं. दर सेकंदाला किती काउंट आले एवढंच त्याला कळतं. नेहमीपेक्षा जास्त आले की भोंगा वाजतो. पाच टन लोखंड नेलं तरी तो गप्प राहील, आणि मुठीएवढी कोबाल्टची कांडी मात्र त्याला ट्रकच्या ढिगाऱ्यातून ऐकू येईल. (नेहमी येईलच असं नाही, प्रश्न १९ बघा.)

२. रोज त्यातून ये-जा करायची, वॉचमनच्या जिवाला काही धोका?

नाही. वरचं उत्तर वाचलं असेल तर कारण कळलंच असेल. गरोदर बाई, पेसमेकरवाला माणूस, कुणीही जाऊ शकतं.

३. सोलापुरात कुठलं आलंय रेडिएशन? आमच्याकडे तर चादरी आणि ऊस.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. पण भंगार फक्त सोलापूरचं नसतं. सिमेंट कारखान्यांत आणि औष्णिक वीज केंद्रांत हॉपर (माल साठवायची टाकी) किती भरला हे बघायला सिझियम-१३७ चे गेज वापरतात. वेल्डिंगची तपासणी करणारे इरिडियम-१९२ चा कॅमेरा घेऊन फिरतात. जुन्या कॅन्सर रुग्णालयांत कोबाल्ट-६० ची यंत्रं होती. यातलं काहीही कागदपत्रांतून निसटून भंगारात येऊ शकतं.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात नेमकं हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, कित्येक वर्षं बंद पडलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एक माणूस गेला, बाकीचे भाजल्यासारख्या जखमा घेऊन महिनोन्‌महिने उपचार घेत राहिले. त्या दुकानांच्या दारात एक साधा मॉनिटर असता तर यंत्र फुटायच्या आधीच भोंगा वाजू शकला असता.

दुसरी गोष्ट मेक्सिकोतली. १९८३ च्या अखेरीस हुआरेझ शहरात उपचाराचं एक कोबाल्ट यंत्र भंगारात गेलं, वितळलं आणि त्याच्या सळया झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये त्या सळयांचा एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या दारावरून गेला आणि तिथला मॉनिटर वाजला, तेव्हा कुठे सगळं उघडकीला आलं. तोवर सळया घरांमध्ये ओतल्या गेल्या होत्या. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद आपल्या देशातून गेलेलं होतं. निर्यात करणाऱ्याने तरी ‘आमच्याकडे कुठलं’ असं म्हणू नये.

४. बसवायचा कुठे? गेटवर, की वजनकाट्यावर?

वजनकाटा असेल तर डोळे झाकून वजनकाट्यावर. ट्रक तिथे आपणहून थांबतो, वेग शून्य होतो आणि मशीनला मोजायला सेकंदाऐवजी अर्धा मिनिट मिळतो. गेटवर ड्रायव्हरला कितीही सांगा, ताशी ८ किलोमीटरच्या आत तो काही येत नाही. वेग दुप्पट झाला की मोजायला अर्धाच वेळ मिळतो.

माणसांच्या दारासाठी अशी जागा निवडा जिथे लोक एकामागून एक जातात आणि थांबून गप्पा मारत नाहीत. हजेरी मशीनच्या शेजारी बसवू नका, तिथे रांग लागते. रुग्णालयात कचऱ्याच्या मागच्या दारापाशी बसवायचा असेल तर न्यूक्लियर मेडिसिनच्या (रुग्णांना किरणोत्सारी औषध देतात त्या) खोलीची भिंत पलीकडे नाही ना, हे आधी हातातल्या मीटरने बघा.

५. ऑनलाइन वीस-पंचवीस हजारांत मीटर मिळतो. तोच दाराला टांगला तर?

तो हातातला मीटर, बहुतेक गायगर नळीचा. अलार्म वाजल्यावर वस्तू शोधायला तो उत्तम आहे आणि तो हवाच (प्रश्न १४). पण दाराची राखण त्याच्याकडून होत नाही. गामा किरणांपैकी शंभरात एखाद-दुसराच त्या नळीत नोंदला जातो आणि नळी असते बोटाएवढी. दाराच्या मॉनिटरचं प्लॅस्टिक पॅनेल (ठिणगी पाडणारा पदार्थ तो हाच) हात-दीड हात उंचीचं असतं आणि सेकंदाला शेकडो-हजारो काउंट घेतं. सोडियम आयोडाइडचा स्फटिक असलेलं मशीन महाग पडतं, पण ते पदार्थ कुठला हेही सांगू शकतं. साध्या प्लॅस्टिकला ते नीट जमत नाही. भंगाराला प्लॅस्टिक पॅनेल आणि सोबत चांगला हातमीटर पुरतो, असं आमचं मत.

६. दोन खांबांत अंतर किती ठेवायचं?

गाडी घासणार नाही इतपत, त्याहून एक इंचही जास्त नको. माणसांच्या दाराला मीटरभर, ट्रकला साडेचार मीटरच्या आसपास. अंतराचा हिशोब निर्दयी असतो. छोट्या डिटेक्टरपासून वस्तू अर्ध्या मीटरवरून सव्वादोन मीटरवर गेली की पोचणारे किरण सुमारे २० पट कमी होतात. पॅनेल मोठं असेल तर घट थोडी कमी, पण घट आहेच. म्हणूनच एकच खांब लावून पैसे वाचवण्याची युक्ती ट्रकला चालत नाही, पलीकडच्या फळ्याशी असलेली वस्तू तो ऐकतच नाही.

पॅनेलचा मध्य ट्रकच्या हौद्याच्या मध्याशी यायला हवा. पुढे काँक्रीट भरलेले लोखंडी पाइप रोवा. एका फाउंड्रीत ट्रकने रिव्हर्स घेताना खांब वाकवला, वरून काही दिसत नव्हतं, पण आतली नळी तडकली होती. तीन आठवडे तो खांब मुका होता आणि दुसऱ्या खांबाच्या आकड्यांत कुणाला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून आम्ही डाव्या-उजव्या खांबाचे आकडे वेगळे लिहायला सांगतो.

७. आपल्याकडचं ऊन आणि लाइट जाणं, याचं काय?

एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२-४४ अंश असतं, तेव्हा उन्हातल्या लोखंडी पेटीच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. उष्णतेने ठिणगी पकडणाऱ्या नळीचं काम मंदावतं, म्हणजे त्याच किरणाला मशीन लहान ठिणगी समजतं आणि काही काउंट सोडून देतं. वर पत्र्याचं छप्पर, पेटीला पांढरा रंग, मागून हवा जायला जागा, एवढं तरी करा. पश्चिमेची बाजू मोकळी ठेवू नका, दुपारी तीननंतरचं ऊन तिथूनच मारतं.

लाइट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालतं का, हे बसवताना एकदा प्लग काढून बघाच. बॅटरी आहे असं कागदावर असतं आणि दोन वर्षांनी ती फुगलेली निघते. अर्थिंग वेगळं घ्या. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगला जोडलं तर प्रश्न १३ मध्ये सांगितलेला तमाशा होतो.

८. काहीच नसताना मशीन ९०० काउंट दाखवतं. म्हणजे आमच्याकडे रेडिएशन आहे?

आहे, सगळीकडेच आहे. मातीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आणि आकाशातून येणारे किरण मिळून हा ‘बॅकग्राउंड’ होतो. माणसाला निसर्गाकडून वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांच्या माऱ्याचं माप) मिळतात. आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, या बाबतीत सज्जन आहे, त्यात हे पदार्थ कमी असतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे हाच आकडा कितीतरी वर जातो. त्यामुळे दुसऱ्या गावातल्या मशीनचा आकडा आपल्या मशीनला लावू नका. मॉनिटरचं सगळं गणित आपल्याच दारातल्या या आकड्यावर उभं असतं, म्हणून बसवल्यावर पहिले सात दिवस काही न करता दर तासाचा बॅकग्राउंड फक्त लिहून काढा. दिवस-रात्र, ऊन-सावली, गेट उघडं-बंद, सगळं त्यात यायला हवं.

बॅकग्राउंड बदलला की आधी आजूबाजूला बघा. एका ठिकाणी ऑफिससमोर दक्षिणेकडचा ग्रॅनाइट बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून काउंट चढले. मशीन बिघडलं म्हणून आम्हाला बोलावलं होतं. ग्रॅनाइटमध्ये बेसॉल्टपेक्षा युरेनियम-थोरियम जास्त असतं, मशीन खरंच बोलत होतं.

९. अलार्म कितीवर सेट करू? डीलर म्हणतो ‘फॅक्टरी सेटिंग’ राहू द्या.

फॅक्टरीत तुमचा बॅकग्राउंड नसतो. गणित सोपं आहे, सांगतो. काउंट स्वतःहून वर-खाली होत असतात आणि तो चढउतार साधारण बॅकग्राउंडच्या वर्गमुळाएवढा असतो. सेकंदाला ९०० काउंट असतील तर चढउतार ३०. याला एक सिग्मा म्हणतात.

अलार्म ३ सिग्मावर, म्हणजे ९९० वर ठेवला तर दर सेकंदाला मोजणारं मशीन काहीच नसताना साधारण १२ मिनिटांत एकदा वाजेल. दोन दिवसांत वॉचमन वायर काढेल, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ४ सिग्मावर, १०२० ला, खोटा अलार्म सुमारे ९ तासांत एक. ५ सिग्मावर, १०५० ला, सुमारे ४० दिवसांत एक. बहुतेक मशीनमध्ये गाडी आली हे कळणारा इन्फ्रारेड सेन्सर असतो आणि गाडी असतानाच अलार्म धरला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी वाजेल.

आम्ही सुरुवात ५ सिग्मापासून करतो, महिनाभर रजिस्टर बघतो, आणि खोटे अलार्म फारच कमी असतील तर थोडं खाली आणतो. उलट दिशेने, म्हणजे ‘फार वाजतोय, वर करा’ असं करण्याआधी मात्र प्रश्न १२ आणि १३ वाचा.

१०. रोज तपासायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स ठेवावा लागतो का? परवाना लागेल का?

मॉनिटरमध्ये स्वतःचा सोर्स (किरण सोडणारी वस्तू) नसतो, परवान्याचा विषय येतो तो तपासणीच्या सोर्समुळे. सिझियम-१३७ साठी परवान्यातून सूट मिळण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० किलोबेकरेल (सेकंदाला दहा हजार अणू फुटणं) आहे, कोबाल्ट-६० साठी १००. त्याहून मोठा सोर्स हवा असेल तर मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक परिषदेकडे, तिच्या ई-लोरा पोर्टलवरून जावं लागतं.

पण रोजच्या तपासणीला आमचा आवडता सोर्स खताच्या दुकानात मिळतो: म्युरेट ऑफ पोटॅशचं ५० किलोचं पोतं. त्यात साधारण २५ किलो पोटॅशियम असतं, आणि दर ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ पोटॅशियम-४० चे अणू फुटतात. पोत्यात सेकंदाला पावणेआठ लाख. त्यातून सुमारे ८३ हजार दमदार गामा किरण निघतात, काही पोत्यातच जिरतात, बाकी पॅनेलपर्यंत जातात. हाताळायला पूर्ण सुरक्षित, परवाना नको, आणि पोटॅशियम-४० चं अर्धआयुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) १२५ कोटी वर्षं असल्याने सोर्स म्हातारा होत नाही. कोबाल्टचा सोर्स सव्वापाच वर्षांत निम्मा होतो.

पोतं प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये झाकण लावून ठेवा, पावसाळ्यात ते पाणी धरतं. सकाळी हातगाडीवर ठेवून दाराच्या मधोमध, जमिनीवर रंगाने केलेल्या खुणेवर, ३० सेकंद उभं करा. डाव्या खांबाला किती वाढ, उजव्याला किती, हे लिहा. कालच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक आला की कारण शोधायचं. ड्रम एरवी मॉनिटरपासून लांब ठेवा. एकाने सोयीसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये, खांबाच्या पाठीशी ठेवला होता, मग बॅकग्राउंडच चढला.

मळीच्या राखेपासून केलेलं साखर कारखान्यांचं पोटॅश घेऊ नका. त्यात पोटॅशियम बरंच कमी असतं आणि प्रत्येक खेपेत बदलतं.

११. दहा वेळा पोतं नेलं, दहाही वेळा वाजलं. म्हणजे शंभर टक्के झालं ना?

नाही झालं. दहापैकी दहा आले तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की मशीन निदान ७४ टक्के वेळा पकडतं. २९ पैकी २९ आले तर ९० टक्के म्हणता येईल, ५९ पैकी ५९ आले तर ९५ टक्के. ही मोठी चाचणी बसवताना एकदा आणि पुढे वर्षातून एकदा करावी. चहापाण्यासकट अर्धा दिवस जातो. पोतं हातगाडीवर, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे घाई नसलेल्या माणसाचा. निम्म्या फेऱ्या एका बाजूने, निम्म्या दुसऱ्या. वजन उचलून डोक्याच्या उंचीवर नेणं जमत नाही, तेव्हा वरच्या भागाची चाचणी परवाना न लागणारा (प्रश्न १०) लहान सोर्स काठीला बांधून करा. पॅनेल मध्यभागी तिखट असतं आणि टोकांना मंद. कुठे मंद आहे हे माहीत असलेलं बरं.

१२. वळवाचा पाऊस आला की वाजतो. पाणी शिरतंय का?

आधी तेच तपासा, पण बहुतेक वेळा शिरत नसतं. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूची लेकरं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, हवेतल्या धुळीला चिकटून असतात. कोरड्या दिवसांनंतरची पहिली जोरदार सर त्यांना धुऊन जमिनीवर आणते आणि बॅकग्राउंड चढतो. त्यांची अर्धआयुष्यं २७ आणि २० मिनिटांची, म्हणून पाऊस थांबला की तास-दोन तासांत आकडा उतरतो. पाणी शिरलं असेल तर तो असा सुबक उतरत नाही, वेडावाकडा उड्या मारतो. मशीन बॅकग्राउंड सारखा नव्याने शिकत असेल तर ते स्वतःच सावरतं. नसेल तर पाऊस चालू असताना बॅकग्राउंड हाताने पुन्हा घ्या. अलार्मची पातळी मात्र वळवासाठी कायमची चढवू नका.

१३. दिवसा वाजतो, रात्री शांत. आणि कधीकधी उगाच वाजतो. भुताटकी?

दिवसा जास्त आणि रात्री नेमका नेहमीएवढा असेल तर प्रकाश शिरतोय. आतलं पॅनेल काळ्या आवरणात गुंडाळलेलं असतं, त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी ती नळी उजेडालाच किरण समजते. रात्री टॉर्च घेऊन पेटी उघडा आणि आवरणावरून हळूहळू फिरवा. काउंट जिथे उडी मारेल तिथे काळी टेप. उंदीर आणि पाली या दोघांचं इथे मोठं योगदान असतं.

उगाच वाजण्याचं कारण बहुधा विजेचा गोंगाट. शेजारी टिग वेल्डिंग, इंडक्शन भट्टीचं पॅनेल, मोटरचा ड्राइव्ह. नळीचा हाय व्होल्टेज बंद करून बघा. तरीही काउंट येत असतील तर ते किरणांचे नाहीत, वायरीतून येताहेत. काम विक्रेत्याच्या माणसाकडून करून घ्या, तिथे हजारभर व्होल्ट असतो.

रात्रीच वाजत असेल तर शेजारच्या कारखान्यात गामा रेडिओग्राफी चालते का ते विचारा. ती मुद्दाम रात्री, माणसं नसताना करतात. तेव्हा मशीन खरं बोलत असतं.

१४. ट्रकवर अलार्म वाजला. पहिली पाच मिनिटं काय करू?

ट्रक थांबवा. माल उतरवू नका, मॅग्नेट लावू नका, कुणालाही हौद्यावर चढवू नका. ड्रायव्हरला खाली उतरवून बाजूला बसवा, दोन शब्द बोला, घाबरलेला ड्रायव्हर पळून जातो.

मग ट्रक मागे घेऊन, बॅकग्राउंड पुन्हा स्थिर झाल्यावर, सावकाश एकदा परत आणा. याच वेळी ड्रायव्हर बदला, कारण कधीकधी वाजतो तो ड्रायव्हर (प्रश्न १७). दुसऱ्यांदाही वाजला तर तो खोटा नाही.

आता हातमीटर. तो लांबूनच चालू करा आणि आकडा बघत बघत जवळ जा, चालू न करता जाऊ नका. ट्रकच्या कडेने फिरून आकडा सगळ्यात जास्त कुठे आहे तिथे खडूने खूण. आपल्याकडे साध्या मीटरवर ०.१ मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाच्या आसपास किंवा त्याखाली नेहमीचा आकडा असतो. चालताना आकडा १०० ला पोचला तर तिथेच मागे फिरा आणि तिथून आत कुणी जाणार नाही अशी दोरी बांधा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आतलं कडं आखायला हाच आकडा सांगते. त्या जागी दहा तास उभं राहिलं तर सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा, १ मिलिसिव्हर्ट, पुरी होते. दोन-चार मिनिटांनी काही होत नाही, म्हणून धावाधाव नको. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

फोन नियामक परिषदेला, आणि आकडा मोठा असेल तर ११२ ला. फोन करणारा माणूस आणि नंबर आधीच ठरवून वजनकाट्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. रविवारी रात्री मालकाचा मोबाइल बंद असतो.

१५. कटकट नको म्हणून ट्रक जिथून आला तिथे परत पाठवला तर?

मालक, हे करू नका. व्यापारी गयावया करतो, ‘अण्णा, माझं मी बघतो’ म्हणतो, आणि ट्रक रस्त्याला लागतो. पुढच्या दारात मॉनिटर नसतो, माल तिथे खपतो, आणि एखादा पोरगा ती चमकदार कांडी खिशात घालतो. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये असंच सोडून दिलेलं सिझियम-१३७ भंगारवाल्यांच्या हाती लागलं, अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी अंगाला लावलं. चार जण दगावले. तुमच्या दारात सापडलं म्हणजे तुमचं आहे असं कुणी म्हणत नाही. लपवलंत तर मात्र प्रश्न तुम्हालाच विचारतील.

१६. खरा अलार्म, पण आत ‘सोर्स’ काही सापडत नाही. मग वाजला कशाने?

संपूर्ण ट्रकभर आकडा सारखाच चढलेला असेल तर मालच तसा असतो. भट्टीच्या जुन्या विटा आणि झिरकॉनची वाळू, पोटॅश खत, राख, ग्रॅनाइट, सिरॅमिक टाइल यांत नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थ असतात. औष्णिक केंद्रातल्या फ्लाय अ‍ॅशच्या टँकरवर काही मशीन कुरकुरतात. लाल टोकाच्या टिग रॉडमध्ये २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं, पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळ्यांतही थोरियम असायचं. हे सगळं रजिस्टरात मालाच्या नावासकट नोंदवलं की पुढच्या वेळी ओळखू येतं. एकाच ठिकाणी टोकदार वाढ दिसत असेल तर मात्र ‘विटा असतील’ म्हणून सोडू नका.

१७. माझ्या ड्रायव्हरवर वाजतो, ट्रकवर नाही. त्याला काही झालंय का?

बहुधा त्याची तपासणी झालेली असते. हाडांच्या स्कॅनला टेक्निशियम-९९ एम देतात, त्याचं अर्धआयुष्य ६ तास. २४ तासांनी त्याचा सोळावा भाग उरतो आणि तेवढ्यानेही दार वाजतं. थायरॉइडच्या उपचारातलं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ते कित्येक आठवडे वाजू शकतं. त्याला एका बाजूला नेऊन, चारचौघांत नव्हे, विचारा. डिस्चार्जचा कागद बघा आणि कामाला लावा. आजार त्याचा आहे, रजिस्टरात ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहा.

१८. भंगारात जुनं एक्स-रे मशीन आलंय, पण मॉनिटर वाजला नाही. बिघडला का?

नाही. एक्स-रे आणि सीटी मशीन वीज बंद झाली की निव्वळ लोखंड असतं, वाजायचं कारणच नाही. गोंधळ होतो तो उपचाराच्या कोबाल्ट यंत्राशी. जाड, गोल, प्रचंड वजनाचं ‘डोकं’ आणि त्यावर तीन पात्यांचं पिवळं-काळं चिन्ह दिसलं तर वाजो न वाजो, हात लावू नका.

१९. मग मशीन गप्प राहिलं म्हणजे माल स्वच्छ, असं धरायचं का?

तीन ठिकाणी तरी नाही.

पहिलं, शिशाच्या डब्यातला सोर्स. सिझियमचे किरण निम्मे करायला साडेसहा मिलिमीटर शिसं पुरतं. डबा जाड असेल तर बाहेर फारसं काही येत नाही. म्हणून डोळ्यांची तपासणी बंद करू नका.

दुसरं, भंगारच पडदा होतं. कोबाल्टचे किरण दर २ सेंटिमीटर भरीव लोखंडामागे निम्मे होतात. ट्रकच्या मधोमध, जड तुकड्यांखाली असलेली वस्तू सुटू शकते. म्हणून माल उतरवताना मॅग्नेटपाशी किंवा भट्टीच्या बकेटपाशी दुसरा मॉनिटर असणं चांगलं.

तिसरं फार थोड्यांना माहीत असतं. भरलेला ट्रक दारात आला की जमिनीतून येणारा बॅकग्राउंड अडतो आणि ९०० चे ७२० होतात. अलार्म १०२० वर असेल तर आता सोर्सने १२० नव्हे, ३०० काउंट वाढवायला हवेत. मशीन घेताना ‘ट्रकच्या सावलीचा हिशोब करतं का’ हे विक्रेत्याला विचारा. उत्तर अडखळत आलं तर दुसरा विक्रेता बघा.

अमेरिशियम-२४१ सारखे मंद किरणवाले सोर्स लोखंडाच्या पत्र्यामागून जवळजवळ ऐकूच येत नाहीत, ही मर्यादा आहेच.

२०. गेटबाहेर ट्रकांची रांग असते. त्याने फरक पडतो?

पडतो. सेन्सरच्या पट्ट्याबाहेर पण खांबाच्या जवळ ट्रक अर्धा तास उभा राहिला तर मशीनला वाटतं दार रिकामं आहे, आणि ते तोच आकडा बॅकग्राउंड म्हणून शिकतं. त्या ट्रकमध्ये सोर्स असेल तर मशीन त्याला हळूहळू घरचाच समजू लागतं. रांगेची रेघ खांबांपासून निदान दहा मीटर मागे मारा. आणि बॅकग्राउंडला वरची मर्यादा घाला, तिच्यावर गेलं की मशीनने शिकणं थांबवून भोंगा द्यावा.

२१. चुकून वितळलंच तर?

कोबाल्ट पोलादात मिसळतं, सिझियम वाफ होऊन धुळीत आणि बॅगफिल्टरमध्ये जातं, अमेरिशियम स्लॅगमध्ये (भट्टीतल्या मळात). म्हणून सळी स्वच्छ आली तरी फिल्टरची धूळ आणि स्लॅग मोजल्याशिवाय बाहेर पाठवू नका. भट्टी थांबवा, फिल्टर उघडू नका, बाकी प्रश्न १४ प्रमाणे.

२२. आयात केलेल्या भंगाराला रेडिएशनमुक्त असल्याचं प्रमाणपत्र येतं. तरी मोजायचं?

मोजायचं. कागद कंटेनर भरताना झालेल्या तपासणीचा असतो, प्रश्न १९ मधल्या तिन्ही अडचणी त्या तपासणीलाही लागू आहेत.

२३. अलार्म नाही, पण एका ट्रकला काउंट नेहमीपेक्षा फारच खाली गेले. ९०० चे ४५०. हे लिहायचं का?

हो, आणि ट्रकही थांबवायचा. नेहमीचं भंगार एवढी सावली पाडत नाही, म्हणजे आत काहीतरी फार जड आणि घट्ट आहे. शिशाचं जाड भांडं असू शकतं, तेव्हा उतरवताना एकेक तुकडा डोळ्यांनी बघा आणि हातमीटर सोबत ठेवा. आमच्याकडे असा ट्रक एकदाच आला. पोलादी तुकड्यांच्या खाली, बिलात न दाखवता, जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाच्या लाद्या रचलेल्या होत्या.